दोन मिनिटं अठरा सेकंद

१

दुपारी चारला मी शेगडीवर दूध ठेवते आणि बाहेरच्या खोलीत ताई तबकडीची दुसरी बाजू लावते. आच मंद. किती मंद ते मी डोळ्यांनी नाही, कानांनी ठरवते. ज्योतीला आवाज असतो, ऐकणाऱ्याला तो कळतो. ती बाजू एकवीस मिनिटं चाळीस सेकंदांची आहे. गिटारचा शेवटचा सूर वाजला की मी स्वयंपाकघरात बटण फिरवते, आणि दूध तेव्हा नेमकं पातेल्याच्या काठाशी येऊन थांबलेलं असतं. चाळीस वर्षांत तीन शेगड्या झाल्या, चार पातेली झाली, पण दूध कधी उतू गेलं नाही. मला माझ्या कानांचा गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

ताई माझी सख्खी बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, म्हणजे आता शहात्तरची. तबकडी लावून ती टेबलापाशी बसते, दोन्ही तळवे लाकडावर ठेवते आणि ठेका धरते. उजवा, डावा, उजवा-उजवा, डावा. हे तिला तिच्या नवऱ्यानं शिकवलं. तबकडीवर काँगा वाजवणारा माणूस म्हणजेच तिचा नवरा, माझे भाऊजी. काँगा म्हणजे कमरेइतके उंच दोन ढोल, नुसत्या हातांनी वाजवायचे. तबकडी बाजारात आली तेव्हा भाऊजी जगात नव्हते. त्यामुळे चार वाजता आमच्या घरी गाणी लागतात असं मी म्हणणार नाही. चार वाजता भाऊजी येतात, इतकंच.

सात जणांच्या बँडची ती पहिलीच तबकडी. गिटार रॉकची, गाणारा ब्लूजचा, आणि खालून लॅटिन ताल, बसलेल्या माणसाचे पाय हलवणारा. तेव्हा लोक म्हणाले, धड ना इकडचं धड ना तिकडचं. आता तिला अभिजात म्हणतात. म्हातारं झालं की सगळ्यांनाच मान मिळतो, फक्त आम्हाला दोघींना अजून मिळायचाय.

त्या सोमवारी दूध उतू गेलं.

मी शेगडीसमोरच उभी होते. हात बटणावर होता, कान बाहेर. शेवटच्या गाण्यात बाकीचे सगळे थांबतात आणि काँगा एकटे वाजतात, मग गिटारचा एकच सूर येतो आणि संपतं. मी त्या सुराची वाट पाहत होते. दूध वर आलं, फुगलं, काठ ओलांडून शेगडीवर चर्र झालं, आणि मग तो सूर आला. करपलेल्या दुधाचा वास घरभर पसरला.

“आज कुठं लक्ष होतं गं तुझं?” बाहेरून ताई म्हणाली.

२

माझा धंदा टेप कापण्याचा. स्टुडिओत रेकॉर्ड केलेली टेप यंत्रावर मागेपुढे फिरवायची, नको तो आवाज नेमका कुठे सुरू होतो ते ऐकायचं, तिथे तिरका काप घ्यायचा आणि दोन टोकं चिकटवायची. काप तिरकाच हवा, सरळ घेतला तर जोड टक् करून वाजतो. हे काम मी सव्वीस वर्षं केलं. बँडवाले मला ‘कात्री’ म्हणायचे. खरं तर मी ब्लेड वापरायची, पण ‘ब्लेड’ असं नाव बाईला कोण ठेवणार!

अशा बाईनं दूध उतू गेलं म्हणून गप्प बसावं, हे शक्य नव्हतं. मंगळवारी कपाटातून माझं जुनं स्टॉपवॉच काढलं, नाडीनं गळ्यात अडकवलं आणि सुई तबकडीवर टेकताच दाबलं. एकवीस मिनिटं, एकोणसाठ सेकंद. एकोणीस सेकंद जास्त.

तबकडी फिरवणारा पट्टा सैल झाला असेल, म्हणून तो बदलला. पण पट्टा सैल झाला की तबकडी हळू फिरते, आणि हळू फिरली की सूर उतरतो. गाणारा रेड्यासारखा वाटायला हवा होता. सूर जागच्या जागी होते. पहिली चार गाणी मी वेगळी मोजली, ती अचूक. पाचव्यातला गाण्याचा भागही अचूक. वाढलं होतं ते फक्त शेवटी, काँगा एकटे वाजतात तिथे.

तिथे एक जोड आहे. जगात कुणाला तो ऐकू येत नाही, मला येतो, कारण तो मी केलाय. काँगाच्या एका थापेच्या मागोमाग हवेचा किंचितसा बदल, खोलीचं दार कुणीतरी अलगद लोटावं तेवढा. चाळीस वर्षं मी रोज तो ऐकते.

बुधवारी मी स्पीकरला कान लावून बसले. तो जोड आलाच नाही. जिथे मी कापलं होतं तिथून भाऊजी पुढे वाजवत राहिले, तेहेतीस सेकंद.

३

आता सांगून टाकते. लपवून कुणाचं भलं झालंय!

शेवटच्या गाण्यातले काँगा आम्ही वेगळे रेकॉर्ड केले, एका सकाळी. बाकीचे सहा जण खाली चहाला गेले होते. आमचे निर्माते, ज्यांना सगळे साहेब म्हणायचे, ते फोनवर कुणाला तरी झापत बाहेरच्या खोलीत होते. काचेपलीकडे भाऊजी एकटे, काचेअलीकडे मी एकटी. त्यांनी सुरुवात फार सुंदर केली. मग मला काहीतरी खटकलं.

टेप एका सेकंदाला पंधरा इंच धावते. त्यामुळे आमच्या लोकांना वेळ इंचांत दिसतो. नंतर मी मोजलं: भाऊजींचा डावा हात आधी पाव इंच मागे पडत होता. मग अर्धा. शेवटाकडे दीड इंच. उजवा चोख, डावा लंगडा. चांगला वाजवणारा चुकतो तेव्हा दोन्ही हात मिळून चुकतात. एकच हात असा हळूहळू मागे राहत जात नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं.

वाजवणं संपल्यावर त्यांनी माईकमध्ये तोंड घालून विचारलं, “नीट येतंय का गं? डावा हात जरा जड वाटतोय.”

मी काचेपलीकडे बोलायचं बटण दाबलं आणि म्हणाले, “झकास आलंय, भाऊजी. घरी जाऊन पडा जरा.”

साहेब तालाच्या बाबतीत कसाई होते. तो लंगडा हात त्यांनी ऐकला असता तर संध्याकाळपर्यंत दुसरा काँगावाला आणून बसवला असता. भाऊजींनी या तबकडीसाठी आपली पक्की नोकरी सोडली होती. मी त्यांना वाचवत होते, निदान मला तसं वाटत होतं. योगायोगानं साहेबच आत येऊन म्हणाले, बाजू फार लांब होतेय, कुठूनही दोनेक मिनिटं काढ. मी कुठून काढली ते आता कळलंच असेल. दोन मिनिटं अठरा सेकंद, पावणेदोनशे फूट टेप.

आमच्यात एक नियम होता. कापलेला तुकडा फेकायचा नाही. चिठ्ठी लावून भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचा, तबकडी बाजारात येईपर्यंत. सगळ्या भिंतीवर तपकिरी शेपट्या लोंबत असायच्या. हा एकच तुकडा मी टांगला नाही. मुठीभोवती गुंडाळला, कागदाच्या पिशवीत घातला आणि घरी जाताना रस्त्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.

नवव्या दिवशी भाऊजी गेले. अंघोळीला गेले ते बाहेरच आले नाहीत. मेंदूतली शीर. डॉक्टर ताईला म्हणाले, आधी काही लक्षणं दिसली असतील, हात जड होणं, पाय ओढणं. वेळेवर आणलं असतं तर काही करता आलं असतं. ताईनं मला स्टुडिओच्या जिन्यात गाठलं. तिचे डोळे कोरडे होते.

“त्या दिवशी तू होतीस ना त्यांच्यासमोर? काही वेगळं वाटलं का गं?”

“काही नाही, ताई,” मी म्हणाले. “झकास वाजवलं त्यांनी.”

मला ते ऐकू आलं होतं. मी माणूस दुरुस्त करायचा सोडून टेप दुरुस्त केली.

४

गुरुवारी सत्तेचाळीस सेकंद.

मी स्वतःला समजावलं की म्हातारपणी मन खेळ करतं. चोराच्या मनात चांदणं, तसं माझ्या कानात काँगा. पण स्टॉपवॉचला मन नसतं. आणि त्या सत्तेचाळीस सेकंदांत मी एक गोष्ट ऐकली. डावी थाप पाव इंच मागे होती.

बाजू संपल्यावर ताई कपबश्या उचलत सहज म्हणाली, “हल्ली जरा जास्तच वाजवतात नाही?”

मी वळले. “कोण?”

“हे गं.” तिनं तबकडीकडे मान उडवली, जणू नवरा आतल्या खोलीत दाढी करत असावा. मग बशी तिच्या हातून निसटली आणि फुटली. मी तिच्यावर खेकसलेच, “बघ ना जरा!” मग खाली बसून काचा वेचायला लागले. तिला ऐकू येत होतं. मी ऐकत होते ते तिलाही ऐकू येत होतं. आज पाव इंच, उद्या अर्धा. ताई काही टेप कापणारी नव्हती, पण चाळीस वर्षं रोज त्या ठेक्यावर हात टाकणाऱ्या बाईला लंगडा हात कळायला किती दिवस लागतील?

आणि त्यानंतर येणार होता तो प्रश्न. माईकमध्ये तोंड घालून विचारलेला. बोलायच्या बटणावरून मी दिलेलं उत्तर टेपवर उतरत नाही, ते यंत्र तसंच असतं. म्हणजे ताईला फक्त प्रश्न ऐकू येणार. डावा हात जरा जड वाटतोय. आणि मग तिला कळणार की तिच्या बहिणीला सगळं माहीत होतं.

शुक्रवारी सकाळी मी तबकडी कपाटावर, जुन्या चादरींच्या मागे लपवली. चारला ती टेबलापाशी येऊन बसली आणि रिकाम्या लाकडावर तळवे ठेवून वाट पाहत राहिली. तिच्या स्वेटरची वरची दोन बटणं उघडी होती. मी लावून दिली.

“घालता येत नाही का नीट?”

“बोटं ऐकत नाहीत गं या थंडीत,” ती म्हणाली. “त्यांना उशीर झाला का आज?”

मी स्टुलावर चढले आणि तबकडी खाली काढली.

५

ती लावणार तेवढ्यात लंबू आला. त्याला मी आदल्या रात्रीच मुद्दाम चहाला बोलावलं होतं. लंबू म्हणजे बँडचा बेस वाजवणारा. सातांतले आता तिघे उरलेत, त्यातला हा एकच पायांवर चालणारा. पूर्वी सव्वासहा फूट होता, आता वाकून पावणेसहा झालाय. येताना तो त्याची स्वतःची तबकडी घेऊन आला होता, प्लास्टिकच्या पिशवीत, नव्यासारखी कोरी.

“काय कात्री, कशाला छळतेस म्हाताऱ्याला? माझी तबकडी कशाला हवी? तुमची झिजली का?”

“वेळ मोजायचाय. तुझ्या फोनमध्ये घड्याळ आहे ना? तूही मोज.”

“आणि तुझं स्टॉपवॉच?”

“ते कुठं ठेवलं मी...” मी टेबलावर, खुर्चीखाली शोधायला लागले.

“काखेत कळसा नि गावाला वळसा. गळ्यात आहे बघ.” तो हसला, ताईही हसली. तिचं हसू जरा तिरपं वाटलं मला, पण लंबू समोर असला की ती तशीही मस्करीत तोंड वाकडं करायची.

त्याचीच तबकडी लावली. सुई टेकली, दोघांनी एकदम बटणं दाबली. लंबू डोळे मिटून ऐकत होता. त्याची बोटं मांडीवर हलत होती, म्हाताऱ्या घोड्याला वरातीची आठवण यावी तशी. शेवटचं गाणं आलं. सगळे थांबले. काँगा एकटे.

काही वेळानं लंबूनं डोळे उघडले आणि फोन दाबला. “वा! अजून काटा येतो अंगावर. एकवीस चाळीस. बरोब्बर.”

तबकडी वाजतच होती.

मी त्याच्याकडे पाहत होते आणि तो कपातला चहा ढवळत होता. भाऊजी वाजवत होते. उजवा, डावा मागे. ताईचे तळवे टेबलावर चालू होते. अर्धा इंच. मी बोट तोंडाशी नेलं, लंबूला गप्प बस म्हणून खुणावलं. गप्प कशासाठी, असं विचारल्यासारखं त्यानं इकडेतिकडे पाहिलं. मग तो सूर आला आणि मी दाबलं. बावीस मिनिटं, सत्तेचाळीस सेकंद. दोन घड्याळं मी शेजारी शेजारी ठेवली.

“तुझं बिघडलंय,” लंबू म्हणाला. “चाळीस वर्षांचं घड्याळ, बिघडणारच. आपण तरी कुठं नीट चालतोय!”

त्याला सोडायला दारापर्यंत गेले. जिन्याच्या कठड्याला धरून तो खालच्या आवाजात म्हणाला, “ताई फार थकल्यात गं. बघ जरा त्यांच्याकडे.”

“वय झालं. तू काय तरणा आहेस?”

“तसं नाही...” तो घुटमळला. “बरं. जातो.”

मला तेव्हा त्याच्याशी बोलायला वेळ नव्हता. माझ्या डोक्यात घड्याळं होती.

६

शनिवारी अठ्ठ्याण्णव सेकंद. डावा हात एक इंच मागे.

त्या दिवशी मी सुईकडे पाहिलं. इतके दिवस मी कानांनी ऐकत होते, डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. तबकडीवर आवाजाच्या रेषा संपतात आणि मधल्या कागदाभोवती एक गुळगुळीत काळी पट्टी असते. तिथे आवाज कोरलेला नसतो. सुई तिथे पोचली की खसखस येते, दुसरं काही येऊच शकत नाही. सुई त्या गुळगुळीत पट्टीवर होती. तबकडी फिरत होती, सुई पुढे सरकत नव्हती. आणि भाऊजी वाजवत होते.

मी भिंगातून पाहिलं. आरशासारखी काळी पट्टी, त्यात माझा डोळा.

आता गणित सोपं होतं. उद्या दोन मिनिटं अठरा सेकंद पुरी होणार. उद्या प्रश्न येणार.

रात्रीचं जेवण झाल्यावर मी ताईच्या पलंगाशी बसले. सांगूनच टाकू, असं ठरवलं होतं. तबकडीनं सांगण्याआधी मी सांगितलेलं बरं. ती छताकडे पाहत पडली होती.

“ताई, एक विचारू? भाऊजींच्या बाबतीत तुला कधी माझा राग आला का?”

“कशाबद्दल?”

कशाबद्दल! एवढा सोपा शब्द तिनं माझ्या हातात दिला होता, फक्त पुढचं वाक्य जोडायचं होतं. आयुष्यभर मी दुसऱ्यांची वाक्यं जोडली.

“सहज,” मी म्हणाले. “झोप आता.”

ती कुशीवर वळली. पांघरूण ओढायला तिनं उजवा हात शरीरावरून पलीकडे नेला. मी दिवा मालवला. माझी मलाच किळस आली, पण तरीही मनात एकच हिशेब चालू होता की उद्या सुई वेळेवर कशी उचलायची.

७

रविवारी मी दूध ठेवलंच नाही. तबकडीशेजारी उभी राहिले.

“बस ना,” ताई म्हणाली. “उभी काय पहाऱ्याला?”

“पाठ धरलीय. उभंच बरं वाटतंय.”

तिनं दोन्ही तळवे टेबलावर ठेवले. खिडकीतून ऊन येऊन तिच्या मनगटांवर पडलं होतं. सुई टेकली, मी स्टॉपवॉच दाबलं. पहिलं गाणं. दुसरं. मी या बाजूत इतका जीव ओतला होता की तिसऱ्या गाण्यातल्या गाणाऱ्याचा श्वाससुद्धा मी कापून लहान केलेला आहे. माझ्या चातुर्याचं तेव्हा किती कौतुक झालं होतं.

पाचवं गाणं. सगळे थांबले. काँगा.

एकवीस चाळीस झाले. बावीस. सुई गुळगुळीत पट्टीवर गेली आणि तिथेच राहिली. डावा हात पाव इंच मागे, मग अर्धा. बावीस चाळीस. तेवीस. एक इंच. आता तो ठेका राहिला नव्हता. एक माणूस एक पाय ओढत खोलीत येरझाऱ्या घालतोय असं वाटत होतं. तेवीस वीस. दीड इंच. तेवीस चाळीस. मला त्यांचा श्वास ऐकू यायला लागला, प्रश्न विचारायच्या आधी माणूस घेतो तसा. माईकजवळ आले होते ते.

मी सुई उचलली.

उचललेली सुई माझ्या बोटांत होती, तबकडीपासून चांगली चार बोटं वर. मी श्वास सोडला.

ठेका थांबला नाही.

उजवा, डावा मागे. उजवा-उजवा, डावा मागे. दीड इंच. मी आधी स्पीकरकडे पाहिलं. मग स्पीकरची वायर उपसून काढली. मग, सगळ्यांत शेवटी, टेबलाकडे पाहिलं.

ताईचा उजवा तळवा उठून पडत होता, चोख. डावा टेबलावर सरपटत येत होता, मनगटातून लोंबत, आणि उशिरा आपटत होता. तिचा चेहरा माझ्याकडे होता. ओठांची एक बाजू खाली ओघळली होती. हा हात मी आठवडाभर ऐकत होते. फुटलेली बशी, उघडी बटणं, तिरपं हसू, सगळं डोळ्यांसमोर घडलं होतं, आणि मी पट्टा बदलत होते, घड्याळ मोजत होते, भिंगातून तबकडी पाहत होते.

टेबलावर दोनच हात होते. मला चार ऐकू येत होते. दोन उजवे बरोबर पडत होते आणि दोन डावे बरोबर मागे राहत होते. ताईच्या समोरच्या बाजूला, जिथे कुणी बसत नाही, तिथे टेबलावर साठलेली धूळ प्रत्येक थापेला जरा उडत होती. दोन तळव्यांएवढ्या जागेतली.

मग हात थांबले. सगळे.

“नीट येतंय का गं?” ताईनं विचारलं. तिची जीभ जड झाली होती, पण शब्द ओळखू आले. ते शब्द जगात मी सोडून कुणीही ऐकले नव्हते. “डावा हात... जरा जड वाटतोय.”

झकास, असं माझ्या तोंडात आलं. खोटं कशाला बोलू, आलं. अगदी ओठांपर्यंत. चाळीस वर्षं ते तिथे तयार बसलेलं होतं.

“नाही,” मी म्हणाले. “नीट येत नाहीय. मागे पडतोय, ताई. आठवडा झाला मागे पडतोय. मला ऐकू येत होतं.”

मी तिला खुर्चीसकट धरलं, दुसऱ्या हातानं फोन ओढला, रुग्णवाहिकेचा नंबर लावला. पलीकडच्या बाईला पत्ता सांगितला, वय सांगितलं. ती म्हणाली, कधीपासून होतंय? मी सांगितलं, सोमवारपासून. सोमवारपासून? तिनं परत विचारलं. मग म्हणाली, निघालेत, दार उघडून ठेवा.

दार उघडून मी परत आले आणि ताईच्या पायाशी खाली बसले. तिचा डावा हात मी माझ्या दोन्ही हातांत घेतला. गार होता, आणि वजनदार. तिचे डोळे मात्र लख्ख आणि कोरडे होते, जिन्यात मला गाठलं होतं तेव्हा होते तसे.

“मला सांगितलंस,” ती प्रत्येक शब्द ढकलत म्हणाली. “त्यांना... का नाही सांगितलंस?”

मी तिचा हात सोडला नाही. टेबलाच्या त्या बाजूची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज मी ऐकला आणि तिकडे पाहिलं नाही. ताईनं पाहिलं. तिची नजर खुर्चीपासून दारापर्यंत सावकाश गेली, कुणीतरी पाय ओढत जात असावं इतकी सावकाश, आणि दारात बराच वेळ थांबली.

मग जिन्यात माणसांची धावपळ ऐकू आली. माझ्या गळ्यातलं स्टॉपवॉच बंद करायचं राहून गेलं होतं, ते चालूच होतं.